धम्मात हौसमौजेला जागा आहे काय?



पावसाळ्याच्या तोंडावरचा एक रविवार. विहारात वंदना आटोपली होती, मंडळी चपला शोधीत होती. तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कुटुंबाने दीक्षा घेतलेली. म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? आम्ही देव्हारा उतरवला, जत्रा सोडली, दिवाळी सोडली. कुणाच्या धाकानं नाही, आमचं आम्हाला पटलं म्हणून सोडली. पण पोरं विचारतात, आई, आता आपण कुठंच जायचं नाही का? त्यांना काय सांगू? धम्मात हौसमौज पाप आहे का?"

मी उत्तर देण्याआधीच शेजारचे एक वडीलधारे उपासक बोलले, "ताई, तथागतांनी सांगितलेच आहे, सर्व दुःख आहे. हौसमौज म्हणजे तृष्णा. पोरांना पंचशील शिकवा, म्हणजे झाले." बाई गप्प झाल्या. आणि खरे सांगायचे तर मीही गप्प राहिलो. वडिलधाऱ्यांना चारचौघांत खोडून काढणे मला जमले नाही. ते उत्तर चुकीचे होते, हे तेव्हाच बोलायला हवे होते. ते आज लिहून बोलतो आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात हाच प्रश्न उभा असेल. रूढी सोडताना आपण फक्त देव सोडत नाही. देवाच्या निमित्ताने वर्षाचे जे दिवस गोड झालेले असतात, तेही सुटतात. जत्रेतला पाळणा, कागदाच्या पुडीतली गोडीशेव, पोरीच्या हातात भरलेल्या नव्या बांगड्या, बैलगाडीतून रात्रीचे परतणे, हे सारे लहान मुलाच्या मनात देवापेक्षा मोठे असते. त्याला खंडोबा कोण हे ठाऊक नसते, पाळणा ठाऊक असतो. त्याच्याकडून पाळणा काढून घेतला आणि हातावर नुसते 'सर्व दुःख आहे' ठेवले, तर त्या मुलाला धम्म कसा वाटेल? कडू औषधासारखा वाटेल. आणि मोठा झाल्यावर ते औषध तो गुपचूप ओतून टाकील.

बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या परिचयात त्यांनी जे प्रश्न उभे केले, त्यांतला एक चार आर्यसत्यांसंबंधी आहे. जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख, सगळेच दुःख, अशा रीतीने ती मांडली तर धम्म हा निराशेचा उपदेश ठरतो आणि बाहेरच्या माणसाला धम्माकडे येण्यात तीच मोठी अडचण होते, असे त्यांना वाटत होते. जगात दुःख आहे हे तथागतांनी सांगितले, ते दुःख दूर करण्यासाठी. वैद्य रोगाचे नाव सांगतो, म्हणून तो रोगाचा प्रचारक होत नाही.

आता तथागतांच्या स्वतःच्या आयुष्यातली एक हकीकत पाहा. मज्झिमनिकायात ती आहे. सिद्धार्थाने सहा वर्षे देह कष्टविला. अन्न इतके तोडले की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा लागावा. तरीही ज्ञान झाले नाही. तेव्हा त्यांना लहानपणाचा एक दिवस आठवला. वडील शेतावर कामात होते आणि ते मूल जांभळाच्या थंड सावलीत बसले होते. त्या सावलीत त्याच्या मनाला एक निवांत आनंद झाला होता. त्यात कुणाचे काही हिसकावलेले नव्हते, कशाची हाव नव्हती. सिद्धार्थांनी स्वतःला विचारले की ज्या सुखाचा वासनेशी आणि अकुशल गोष्टींशी संबंध नाही, त्या सुखाला मी का भितो? आणि भिण्याचे कारण नाही असे ठरवून त्यांनी पुन्हा अन्न घेतले. मध्यम मार्गाची वाट जांभळीखाली बसलेल्या पोराच्या आठवणीतून निघाली, हे आपण का विसरतो? आपल्या गावात जांभळी काय कमी आहेत?

म्हणून सुख वेगळे आणि तृष्णा वेगळी, हे आधी ध्यानात घ्या. तृष्णा हातातल्या घासाकडे पाहतच नाही, तिचा डोळा पुढच्या घासावर असतो. सुखी माणूस हातातला घास चावून खातो. दोघांचे ताट एकच असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, पण ज्याचा त्याला कळतो. एखाद्या ठिकाणाहून घरी परतल्यावर मन शांत आहे की चिडलेले, घरातल्यांशी गोड बोलावेसे वाटते की खिशातला खळगा आठवून बायकोवर ओरडावेसे वाटते, एवढे स्वतःला विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

यावर आमचे ते वडीलधारे उपासक म्हणतील, "मग सिगालोवाद सुत्ताचे काय?" शंका रास्त आहे. गृहस्थांसाठी सांगितलेल्या त्या सुत्तात धनाचा नाश करणाऱ्या सहा वाटा दिल्या आहेत. दारू आहे, जुगार आहे, कुसंगत आहे, आळस आहे; तशीच अवेळी रस्त्यांतून भटकणे आणि खेळ-तमाशांच्या मेळ्यांचा नाद हीही आहेत. मग फिरायला जाणे निषिद्धच झाले की!

पण सुत्त नीट वाचा. आज नाच कुठे, गाणे कुठे, वाद्ये कुठे वाजताहेत, याच शोधात जो दिवस काढतो त्याच्याबद्दल ते बोलते आहे. त्याच सुत्तात पुढे मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. दोन भाग धंद्यात घालावेत, एक अडीअडचणीसाठी ठेवावा आणि एक भाग स्वतः उपभोगावा. उपभोगाचा भाग हिशेबात धरलेला आहे. अनाथपिंडिकाला तर तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. न्यायाने मिळवलेले धन जवळ असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे व त्यातून पुण्यकर्म करण्याचे सुख, कुणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. यांत निर्दोषतेला सर्वांत वर ठेवले आहे.

देणे नसण्याचे सुख! हे आपल्या आईबापांना विचारा. जत्रेसाठी सावकाराकडून काढलेले पैसे, नवसाचे बकरे, पाहुण्यांची पंगत, आणि मग सहा महिने ते फेडणे. आजी सांगायच्या, जत्रा एका दिवसाची आणि उसनवारी वर्षाची. ती मौज आपण सोडली ती मौज होती म्हणून नव्हे. तिच्यात भीती होती, नवस होता, मुक्या जनावराचा जीव जात होता आणि डोक्यावर कर्ज बसत होते, म्हणून सोडली. बाईंच्या पोरांना हे समजावून सांगता येते. पोरे आपल्याला वाटतात त्याहून शहाणी असतात.

पण माझ्या मते या प्रश्नाची खरी बाजू वेगळीच आहे. फिरायला जाणे ही आपल्या समाजात कधी साधी गोष्ट नव्हती.

बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने छापल्या. त्यातली पहिली आठवण १९०१ सालची, उन्हाळ्याच्या सुटीची. वडील खटाव तालुक्यात नोकरीला, मुले साताऱ्याला. वडिलांनी सुटीत बोलावले, म्हणून भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले निघाली. नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, नवे जोडे आले, रेशीमकाठी धोतरे आली. पोरांना आगगाडी म्हणजे केवढे अप्रूप! मसूर स्टेशनावर उतरली तेव्हा न्यायला कुणी आलेले नव्हते. ही मुले महारांची, हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. बरोबर डबा भरलेला होता, पण पाणी कुणी दिले नाही. अन्न जवळ असून ती पोरे त्या रात्री उपाशी झोपली. नव्या टोप्या घालून मौजेने निघालेली पोरे!

दुसरी आठवण १९३४ सालची. चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी हट्ट धरला की बाबासाहेब येत असतील तर आपण सहलीला जाऊ. सहलच! सभा नव्हे, परिषद नव्हे. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची असे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सारे माखलेले, किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेले लहानसे तळे आणि कडेने फरसबंदी. काहींनी तिथे हातपाय-तोंड धुतले. लगेच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आला की अस्पृश्यांनी तळे बाटवले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर आत सोडले ते या अटीवर की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतरांनाही कसा अस्पृश्य ठरतो, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला. महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेऊन तेव्हा सात वर्षे लोटली होती.

तेव्हा वाचक हो, आज तुम्ही पोरांना घेऊन एखाद्या तळ्याकाठी बसता, गाडीच्या बाकावर कुणाच्याही शेजारी बसून शेंगा फोडता, नळाला तोंड लावता, त्यात केवढा झगडा मुरलेला आहे! सुटीचा दिवस तरी कुठून आला? १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, ते विधेयक बाबासाहेब मजूरमंत्री असताना आणलेले होते. कामगाराला श्वास घ्यायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. तो मिळालेला वेळ कसा घालवायचा हा नैतिक प्रश्न आहे, असे मला वाटते. तो गुत्त्यात घालवणे हा त्या श्रमांचा अपमान आहे. पण तो अपराध्यासारखा, आपल्याला आनंद होऊ नये म्हणून अंग चोरून घालवणे, हाही अपमानच.

ऋतूंकडे पाहा. जुने पंचांग सोडले म्हणून ऋतू आपल्याला सोडून जात नाहीत. आषाढ पौर्णिमेला तथागतांनी सारनाथला पहिले प्रवचन दिले आणि तेव्हापासून वर्षावास धरतात. वर्षावास का सुरू झाला, हे मोठे गोड आहे. पावसात भिक्खू हिंडत तेव्हा कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडवले जात, लोकांनी तशी तक्रार केली, म्हणून तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले. पायाखालच्या गवताकडे पाहायला शिकवणारा हा धर्म आहे! आपण पावसात बाहेर पडलो तर एवढी नजर घेऊन पडावे.

आणि पडावेच. आपल्या महाराष्ट्रात तर या नजरेला पोसणाऱ्या जागा डोंगराडोंगरांत आहेत. मुंबईकरांना कान्हेरी आहे, शंभराहून अधिक लेणी आणि जागोजागी खडकात कोरलेली पाण्याची टाकी. पावसाचे पाणी वरून वाहत एकातून दुसऱ्यात कसे जाते, ते मुलांना दाखवा. नाशिककरांना त्रिरश्मी आहे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. नागसेनवनात शिकलेल्या किती मुलांनी तिथे बसून अभ्यास केला असेल! खानदेश-विदर्भाच्या मंडळींना अजिंठा. पुण्याच्या लोकांना कार्ले आणि भाजे.

भाज्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ती जागा माझ्या आवडीची आहे. बावीस लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. चैत्याची कमान पिंपळाच्या पानासारखी. आत बसले की बाहेरच्या पावसाचा आवाज मवाळ होतो. एका बाजूला भिक्खूंचे लहान-मोठे स्तूप रांगेने उभे आहेत, श्रावणात त्यांच्यावरून पाणी टिपकत असते. ही लेणी कुणी एकट्या राजाने कोरवली असे समजू नका. भाज्याला एका नांगऱ्याच्या बायकोच्या दानाचा लेख आहे. समोरच्या कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट गावच्या एका सुताराचे नाव आहे, एका सुगंधी विकणाऱ्याचे आहे. आपल्यासारखीच हाताने काम करणारी माणसे. कुणब्याच्या घरातली एक बाई, तिने चार पैसे बाजूला काढले आणि ते या डोंगरात अजून आहेत. जत्रेला निघालेल्या पोराला मी हे कधी सांगू शकलो असतो?

कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे, तिथे गर्दी असते. त्या लोकांशी वाद घालत बसू नका, त्यांची टिंगल तर मुळीच करू नका. आपली आई काल त्याच रांगेत होती. आपण चैत्य पाहायला आलो, तो पाहावा. तो सुमारे १२४ फूट लांब आहे आणि छताच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत.

आता हिवाळा. शेतात हुरडा येतो, हरभऱ्याचे घाटे भरतात, पहाटे शेकोटीभोवती म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी निघतात. अंगुत्तरनिकायात एक प्रसंग आहे. आळवीजवळच्या रानात तथागत पानांच्या अंथरुणावर बसले होते. दिवस कडाक्याच्या थंडीचे, जमीन गुरांच्या खुरांनी तुडवून टणक झालेली, अंगावरची चीवरे गार. हत्थक नावाच्या राजपुत्राने विचारले, झोप सुखाची लागली का? तथागत म्हणाले, हो, जगात जे सुखाने झोपतात त्यांतला मी एक. बंद खिडक्यांच्या वाड्यात मऊ गादीवर पडलेला माणूस लोभाने वा द्वेषाने जळत असेल तर त्याला ती झोप येईल काय, असे त्यांनी उलट विचारले.

ही गोष्ट मात्र जपून वापरावी लागते. ज्याच्या घरात पांघरूण नाही त्याला ही गोष्ट सांगून गप्प बसवणे हा धम्म नव्हे. तथागतांनी दारिद्र्याला कधी धन्य म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. साध्या सुखात समाधान मानणे आणि अन्यायाशी समाधान करणे यांत अंतर आहे. शेकोटीशी हुरडा खाणारा मजूर दुसऱ्या दिवशी मजुरीच्या दरासाठी भांडतोच, भांडायलाच हवा. माझा अनुभव तर असा की ज्याला आपल्या चार घटका गोड करता येतात, तोच त्या चार घटका हिरावणाऱ्यापुढे उभा राहतो.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. वैशाख पौर्णिमेची खीर, गच्चीवरचे वा अंगणातले अंथरूण, भिजवलेल्या मातीचा वास. खीर खाताना सुजातेची आठवण मुलांना सांगा, एवढेच.

एक कडवट गोष्ट लिहायची राहिली. सहलीचा आनंद घरात सर्वांना सारखा मिळतो काय? पहाटे चारला उठून कोण भाकऱ्या थापते? बारके पोर कडेवर घेऊन पायऱ्या कोण चढते? आम्ही पुरुष मंडळी झाडाखाली पसरतो, 'अहो, जेवायला वाढा' म्हणतो आणि मग समतेवर भाषण करतो! परतल्यावर भांडी पुन्हा त्याच बाईपुढे. घरातल्या एकीचा रविवार मोडून बाकीच्यांचा रविवार होत असेल, तर तथागतांनी सांगितलेले निर्दोष सुख ते नव्हे. आदल्या रात्री सर्वांनी मिळून दशम्या कराव्यात, चटणी बांधावी. पुरुषाच्या हातची दशमी वेडीवाकडी होते, खाता येते.

आणि तरुणांना एक विनंती. लेण्यांत बाटल्या दिसतात, भिंतींवर कोरलेली नावे दिसतात. जयंतीला कर्ज काढून वाजवलेल्या भोंग्यांपायी आजारी शेजाऱ्याला रात्रभर डोळा लागत नाही. नवस गेला आणि उसनवारी राहिली, तर आपण जत्रा सोडली असे कसे म्हणावे?

अखेरच्या दिवसांत तथागत ऐंशी वर्षांचे होते, शरीर थकलेले होते. वैशालीजवळच्या चापाल चैत्यापाशी बसून ते आनंदाला म्हणाले की वैशाली रमणीय आहे, उदेन चैत्य रमणीय आहे, गोतमक चैत्य रमणीय आहे. एकेका जागेचे नाव घेऊन. तृष्णा कधीच संपलेल्या माणसाला जागा सुंदर दिसत होत्या आणि ते तो सोबतच्या माणसाला सांगत होता. हे सुत्त मी त्या वडीलधाऱ्या उपासकांना मागच्या महिन्यात वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला निघाल तेव्हा मलाही हाक मारा. गुडघे दुखतात, सावकाश येईन."

त्या बाई आपल्या दोन पोरांसह श्रावणातल्या एका रविवारी भाज्याला जाऊन आल्या. धाकट्याने स्तूप मोजले आणि आकडा दर खेपेला वेगळा येतो म्हणून भावाशी भांडला. ज्यांना जायचे असेल त्यांनी पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनावर उतरावे. तिथून भाजे गाव चालत गाठता येते, पुढे पायऱ्या आहेत. पावसात त्या निसरड्या होतात, म्हाताऱ्या माणसांचा हात धरावा. पाणी घरून न्यावे.